वही, बेल, बैल

सहादेव बोलायला लागला की घोडेगावच्या बाजारात चहाच्या पालाखाली बसलेली माणसंसुद्धा कान टवकारायची. बैलांची दलाली करण्यात त्याची उभी हयात गेली. घरची शेती त्याची बायको मालनबाई बघायची. तो बघायचा बैल. गिऱ्हाईक आणि बैलाचा धनी दोघंही हट्टाला पेटले की हा मध्ये उभा राहून असं काही बोलायचा की दोघांनाही हसू फुटायचं आणि हसता हसता सौदा होऊन जायचा.

गेल्या वर्षी पोळा झाला आणि मागोमाग त्याला लकवा मारला. उजवा पाय काठीच्या आधाराने परत आला, उजवा हात निम्मा आला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. मागे उरला एकच शब्द, ‘व्हय’. जेवता का? व्हय. जेवत न्हाई का? व्हय. त्याला म्हणायचं असायचं वेगळंच. ते डोळ्यांत दिसायचं, ओठांपर्यंत यायचं आणि तिथे आल्यावर त्याचा पुन्हा ‘व्हय’च व्हायचा.

नगरच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी चित्रांचे पत्ते दिले होते. चमचा, छत्री, केळं. रोज दाखवायचे आणि नाव म्हणून घ्यायचं. ज्या माणसाने नुसत्या चालीवरून बैलाची जात, वय आणि खोड सांगितली, त्याच्यापुढे मालनबाई चमचा धरायची. दोन दिवस त्याने सोसलं. तिसऱ्या दिवशी पत्ते उचलले आणि मोरीत टाकले.

तेव्हापासून त्याच्या वाटचं मालनबाईच बोलू लागली. कुणी विचारलं, “बरं हाय का?” तर ती म्हणायची, “बरं हाय, काल जरा पाय दुखत हुता.” त्याने मान वळवली की ती पाणी आणायची, भुवया चढवल्या की पंखा लावायची. सगळी म्हणायची, मालन आहे म्हणून सहादेव आहे. तिलाही तसंच वाटायचं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी लेक आली, स्नेहल. ती नगरला एका शाळेच्या कार्यालयात कामाला होती. पिशवीतून तिने एक लहानसं खोकं काढलं आणि आईच्या हातात दिलं.

“हे तुझ्यासाठी हाय. दिवसभर घरात अडकून पडतीस. आपल्या टीव्हीला लावलं की पाहिजे ते बघता येतं. भजन, मालिका, काय पाहिजे ते.”

खोक्यात बोटाएवढी काळी कांडी होती, एक वायर होती आणि एक इवलासा रिमोट. एवढ्याशा कांडीत काय मावणार, असं मालनबाईला वाटलं. पण लेकीने हौसेने आणलं होतं. नेटचं कनेक्शन स्नेहलने आठवड्यापूर्वीच गावातल्या माणसाला सांगून घेतलं होतं. त्याचा डबा खिडकीत हिरवे दिवे मिचकावत बसला होता.

स्नेहल स्टुलावर चढली. टीव्ही भिंतीला ठोकलेला, त्याच्या पाठीशी हात जाईना. मालनबाईने मोबाईलची बॅटरी धरली. कोळ्याची जाळी काढून स्नेहलने मागची खाच शोधली आणि कांडी आत सरकवली. वायर बोर्डापर्यंत पुरेना, म्हणून मोटारीच्या खोलीतली एक्स्टेन्शन आणली. टीव्ही लावला तर निळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढंच.

“बिघडला का गं?” मालनबाईने विचारलं.

“न्हाई आई. टीव्ही अजून डिशकडंच बघतोय. त्याला सांगायला पाहिजे, आता या खाचंकडं बघ.” तिने जुना रिमोट घेऊन सोर्सचं बटण दाबलं, एकेक ओळ खाली उतरत गेली आणि पडद्यावर चित्र उमटलं.

मग नव्या रिमोटला सेल घातले. भाषा विचारली, तिथे मराठी निवडली. वायफायचा पासवर्ड एकेक अक्षर हुडकत टाकला, तो चुकला. पहिलं अक्षर मोठं हवं होतं. पुन्हा टाकला. मग ते यंत्र आपलं आपणच काहीतरी उतरवून घेत बसलं, तोवर मायलेकींनी भाकरी खाऊन घेतली. सहादेव दिवाणावर भिंतीला टेकून हे सगळं बघत होता. कुणी त्याला काही विचारलं नाही.

“आता बघ,” स्नेहल म्हणाली. “टाइप करत बसायचं न्हाई. हे माईकचं बटण दाबून धरायचं आणि बोलायचं.”

मालनबाईने बटण दाबलं आणि लाजत म्हटलं, “बाजरीच्या खारोड्या.” पडद्यावर तिचेच शब्द उमटले आणि खाली खारोड्या घालणाऱ्या बायाच बाया. मालनबाई तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने स्नेहल गेली.

चार दिवसांनी दुपारी मालनबाई गोठ्यात शेण काढत होती. घरातून टीव्हीचा आवाज आला. कुणी लावला म्हणून ती हात धुऊन आत गेली. सहादेव दिवाणाच्या काठावर बसला होता, डाव्या हातात रिमोट होता, आणि पडद्यावर एक मुलगी शाळेच्या वहीला खाकी कव्हर कसं घालायचं ते दाखवत होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘वही’.

मालनबाईला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. तो ‘व्हय’ म्हणाला होता. यंत्राने त्याची वही केली होती.

त्याने पुन्हा अंगठा दाबला. मान पुढे काढली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. “ब… ब…” यंत्र तेवढ्यात थांबलं. ‘ऐकू आलं नाही, परत बोला’ असं लिहून आलं. त्याने परत दाबलं. “बा… ई.” पडद्यावर बाया आल्या, नऊवारी नेसवणाऱ्या.

मालनबाईला बघवेना. कोपऱ्यात जुनं कॅलेंडर होतं, त्यावर खिल्लार जोडीचं चित्र. त्याची नजर सारखी तिकडे जात होती. ती पुढे झाली.

“बैल म्हणायचंय ना तुमाला? बैल?”

त्याचा अंगठा बटणावरच होता. यंत्राने तिचा आवाज उचलला आणि पडदा बैलांनी भरून गेला. काळे, पांढरे, कोसे, रंगवलेल्या शिंगांचे. मालनबाई आनंदाने त्याच्याकडे वळली. सहादेवने रिमोट उशीवर आपटला, भिंतीकडे तोंड केलं आणि आडवा झाला.

ती बाहेर येऊन ओट्यावर बसली. पहिल्यांदा तिला राग आला. एवढं करतेय, वर हे. मग हळूहळू राग उतरला आणि मागे राहिलं ते जास्त वाईट होतं. भर बाजारात सहादेव बोलत असताना कुणी मध्ये तोंड घातलं, तर तो सौदा मोडून निघून जायचा, हे तिला ठाऊक होतं. आणि गेले कित्येक महिने ती रोज, दिवसभर, प्रत्येक शब्दाला त्याच्या मध्ये तोंड घालत होती. तो तरी निघून जाणार कुठे?

संध्याकाळी तिने चुलीवर आधण ठेवलं, आणि काही न बोलता रिमोट उचलून त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. स्वयंपाकघरात आली आणि दार ओढून घेतलं.

तेव्हापासून तिने एवढंच काम केलं, गप्प बसण्याचं. सोपं वाटतं, पण ते खुरपणीपेक्षा अवघड होतं. आतून “ब… बे…” ऐकू यायचं आणि तिच्या जिभेवर शब्द तयार असायचा. ती दात आवळून पीठ मळायची. एकदा पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली.

यंत्राला माणसासारखी घाई होती, पण दया नव्हती. चुकलं की ते चुकलेलंच दाखवायचं, कीव करत नव्हतं, मान हलवत नव्हतं, ‘असू द्या, असू द्या’ म्हणत नव्हतं. सहादेवनेच मग त्याची खोड ओळखली. शब्द शोधत बटण दाबून ठेवलं तर ते कंटाळतं. म्हणून तो आधी डोळे मिटून बसायचा, ओठ जुळवायचा, शब्द तोंडात घोळवून तयार करायचा आणि मगच अंगठा दाबायचा.

एका दुपारी ‘बेल’ उमटलं. बेलफळाचं सरबत कसं करायचं ते कुणीतरी दाखवू लागलं. दाराच्या फटीतून मालनबाईने पाहिलं, आता आपटणार रिमोट. पण सहादेव ते सरबत शेवटपर्यंत बघत राहिला, आणि शेवटी त्या माणसाने ते पिऊन तोंड वाकडं केलं तेव्हा हसला. आवाज काढून हसला. दारामागे मालनबाईही हसली आणि मग तिचे डोळे भरून आले, ते तिने पिठाच्याच हाताने पुसले.

‘बैल’ आला त्याला अजून आठवडा गेला. आला तेव्हा ती विहिरीवर होती, तिला कळलंसुद्धा नाही. घरात आली तर पडद्यावर कुठल्यातरी यात्रेतले बैल चालत होते, आणि सहादेव असा बसला होता जणू हे रोजचंच आहे. तिने काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या ठेवला आणि शेजारी बसून तीही बैल बघू लागली.

मग ‘गाय’ आली, ‘दात’ आला. ‘खिल्लार’ काही येईना. त्याचा ‘किल्ला’ व्हायचा. मग दोघं किल्लेच बघत बसायची. ज्या किल्ल्यांवर कधी पाय ठेवला नाही, त्यांचे बुरूज आणि टाकी त्यांना पाठ झाली.

फाल्गुनात गोरक्षनाथ आला. तो सहादेवचा बाजारातला जोडीदार. लकवा झाल्यावर दोनदा येऊन गेला होता आणि नंतर फिरकला नव्हता. मालनबाईला त्याचा राग होता. आज दारात चप्पल काढताना त्याची मान खालीच होती.

“काय वैनी, कसं हाय आमच्या माणसाचं?”

“इचारा की त्यांनाच,” मालनबाई म्हणाली. “समोरच बसल्यात.”

गोरक्षनाथ गोंधळला. त्याने सहादेवकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. ती चुलीकडे गेली. तिने चहा टाकला. त्याला उकळी फुटली तेव्हा कुठे मागून आवाज आला.

“ब… बस,” सहादेव म्हणाला.

गोरक्षनाथ मटकन खाली बसला.

दोघं टीव्ही बघू लागले. पडद्यावर एकजण आपल्या बैलाचं गुणगान गात होता. त्याला पुढून फिरवत होता, मागून फिरवत होता. “जनावर लई देखणं हाय,” गोरक्षनाथ म्हणाला. बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणाला.

सहादेवने डोळे मिटले. मालनबाईने ओळखलं आणि कपबशा घेऊन आत येता येता दारातच थांबली.

“न्हाय.”

इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून नकार आला नव्हता. गोरक्षनाथ काही बोलणार तेवढ्यात मालनबाईने त्याला नजरेनेच थांबवलं.

“मा… मागचा,” सहादेव म्हणाला. थोडा वेळ गेला. “पाय.”

गोरक्षनाथ पुढे सरकून बघू लागला. बैल वळला, चार पावलं गेला, आणि मागचा डावा पाय किंचित फेकला.

“आयला, व्हय की,” गोरक्षनाथ म्हणाला. मग पडद्यावरची नजर न काढताच तो पुढे बोलला. “मी येत न्हवतो सहादेवा, कारन तू गप बसलेला मला बघवत न्हवतं. दुसरं काय न्हाई.”

सहादेवने डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. मग चहा झाला. उठताना गोरक्षनाथ म्हणाला, “येत्या बाजाराला गाडी घिऊन येतो. येशील?”

त्याला गर्दीत धक्का लागेल, ऊन लागेल, काठी घसरेल, जनावर अंगावर येईल. मालनबाईच्या ओठांवर हे सगळं ओळीने उभं राहिलं. तिने ते गिळलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“येतो,” सहादेव म्हणाला. हा शब्द तर त्याने कधी घोकलाही नव्हता.

बाजाराच्या दिवशी गोरक्षनाथने त्याला जीपमध्ये पुढे बसवलं. मालनबाईने डोक्याला टापशी बांधून दिली, पाण्याची बाटली दिली आणि वेशीपर्यंत जीपमागे चालत गेली. दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. टीव्ही लावला नाही. मोकळं घर तिला कितीतरी दिवसांनी मिळालं होतं आणि त्याचं काय करावं ते सुचत नव्हतं. मग तिने शेजारच्या मुक्ताबाईला बोलावलं आणि दोघींनी ओट्यावर बसून शेंगा फोडल्या.

दिवस मावळायला जीप आली. सहादेव धुळीने माखलेला, पार थकलेला. पण काठी टेकत आपल्या पायांनी उंबऱ्यातून आत आला. कपड्यांना जनावरांचा वास येत होता. तिने पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं आणि समोर बसली.

“काय काय झालं बाजारात?” तिने विचारलं.

त्याने घास खाली ठेवला आणि डोळे मिटले. बाहेर शेजारणीने गाईला हाक मारली, कुठेतरी पंप सुरू झाला. भाकरी गार होत होती. मालनबाई हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“लो… लोकं,” सहादेव म्हणाला.

ती थांबली.

“लई.”

“मग?” असं तिने तोंडाने विचारलं नाही, नुसत्या डोळ्यांनी विचारलं, आणि तो पुढचा शब्द शोधू लागला.