शून्याच्या पोटातली रेघ

मी जॅकपॉटचा आकडा दाखवणारी पाटी बोलतेय. दीड हात लांब पत्र्याची पेटी, समोर काळी काच आणि काचेमागे पाच लाल अंक, एवढाच माझा संसार. आज मी स्पार्क्स गावातल्या एका गॅरेजात टेबलावर पडून आहे. पण माझी उमेदीची सगळी वर्षं शेजारच्या रीनो शहरात, ‘कॉपर लार्क’ नावाच्या कॅसिनोत गेली.

माझ्याखाली आठ यंत्रं होती. कुणीही नाणं टाकून दांडा ओढला की त्या नाण्यातला बारीकसा वाटा माझ्या आकड्यात चढायचा. कुणाला जॅकपॉट लागला की मी थांबायचे, लुकलुकायचे आणि पुन्हा दहा हजार डॉलरपासून चढायला लागायचे. माणसं खेळायची यंत्राशी, पण बघायची माझ्याकडे. कुणी माझ्याकडे बघून देवाचं नाव घ्यायचं, कुणी शिव्या घालायचं. एक बाई नेहमी डाव्या हातानेच दांडा ओढायची, उजवा म्हणे पनवती होता. मी कुणाचं काही घेतलं नाही, कुणाला काही दिलं नाही. माझं काम फक्त आकडा सांगण्याचं, आणि नेमकी त्यातच मी चुकले.

आर्डिथ अकरा वर्षं माझ्याखाली राबली. कमरेला नाण्यांनी भरलेला जड एप्रन बांधून ती लोकांना सुटे द्यायची, संध्याकाळपर्यंत कंबर धरून चालायची. जॅकपॉट लागला की माझा आकडा मोठ्याने वाचायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि मग जिंकणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, अशी तिथली रीत होती. ती वाचायची तेव्हा आकडा गाणं म्हटल्यासारखा यायचा. मला फार आवडायचं ते.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या जूनमधली दुपार होती. आर्डिथ चार दिवसांच्या रजेवरून आली होती. मधल्या काळात कुणीतरी जॅकपॉट जिंकून गेलं होतं आणि आकडा पुन्हा दहा हजारांवर आला होता, हे तिला ठाऊक नव्हतं. हॉल खच्चून भरलेला, माझी पेटी तापलेली. रेल्वेतून निवृत्त झालेले क्विल म्हातारे येऊन बसले.

“पुन्हा आलात? बायको घरात घेत नाही की काय?” आर्डिथने विचारलं.

“ती त्या कोपऱ्यातल्या यंत्रावर बसलीय, बाई. घरात घेणार कोण?”

दोघं हसले. आणि तिसऱ्या की चौथ्या दांड्याला त्यांच्यासमोर साताचे तीन आकडे एका ओळीत आले.

मी थांबले. ऑफिसातल्या यंत्राने मला पाठवलेला आकडा होता दहा हजार दोनशे चाळीस. पण तापल्यामुळे माझ्या आतला एक सुटा भाग बिघडला होता. दुसऱ्या अंकातल्या शून्याच्या पोटात एक आडवी रेघ पेटली. शून्याच्या पोटात रेघ पेटली की त्याचा आठ होतो. आर्डिथने मोठ्याने वाचलं, “अठरा हजार दोनशे चाळीस!” चिठ्ठीवर लिहिलं आणि क्विल म्हाताऱ्यांचा हात हातात घेतला.

चिठ्ठी आणि ऑफिसचा आकडा जुळेना. वाद झाला की आधी वीज बंद करायची, हा मॅनेजरचा नियम. त्याने बंद केली. अर्ध्या तासाने पुन्हा लावली तोवर मी गार झाले होते. रेघ विझलेली. स्वच्छ दहा हजार दोनशे चाळीस. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं.

मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी लिंडन नावाच्या मेकॅनिकने मला खाली उतरवलं, टेबलावर पाच मिनिटं लावून पाहिलं आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख आणि सही टाकून एकच शब्द लिहिला: ‘ठीक’. तपासलेल्या प्रत्येक वस्तूवर मेकॅनिक असं लिहायचेच. त्या एका शब्दावर आर्डिथची नोकरी गेली. म्हाताऱ्याशी संगनमत केलं, असा तिच्यावर ठपका आला. पुढे शहरातल्या एकाही कॅसिनोने तिला दारात उभं केलं नाही. ती एका हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालायला लागली.

मी मात्र पुन्हा भिंतीवर चढले. नंतर मला थंड हवेच्या झोताखालच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं, तिथे रेघ परत कधी पेटली नाही. एकवीस वर्षांनी कॅसिनोच बंद पडला. भंगाराच्या लिलावात माझ्यासह सात पाट्या एका खोक्यात गेल्या, आणि खोकं कुणी घ्यावं? निवृत्त झालेल्या लिंडननेच.

“मोटार ठेवायला जागा नाही, आणि तू जुगाराची पितरं घरी आणलीस!” त्याची बायको ओलेटा म्हणाली.

“पितरं नाहीत गं, अजून जीव आहे त्यांच्यात.”

माझ्या अंगावरचा कागद कधीच गळून गेला होता. मी कुठली, मला किती वीज लागते, काही कळायला मार्ग नव्हता. लिंडनने घाई केली नाही. कुठली तार पत्र्याला जोडलीय ते शोधलं, ती जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. मग वीज आत येते तिथला भाग भिंगातून वाचला. झाकण उलटं केलं आणि तिथेच थबकला. स्वतःचं अक्षर माणूस विसरत नाही. तारीखही तो विसरला नव्हता.

त्याने वीज थेंबाथेंबाने वाढवली, बोट लावून मी कुठे तापतेय का ते बघत. बारा व्होल्टला माझे पाचही अंक उजळले. सगळी शून्यं, स्वच्छ. “ठीकच तर आहे,” तो पुटपुटला, आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

“लिंडन, सूप गार होतंय!” ओलेटाने हाक मारली. मला तसंच चालू ठेवून तो जेवायला गेला.

तासाभराने आला तेव्हा दुसऱ्या शून्याचा आठ झाला होता.

तो खुर्ची ओढून बसला, आणि रात्री आर्डिथचा नंबर शोधून त्याने तिला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आर्डिथ आली. केस पांढरे झालेले, कंबर वाकलेली. लिंडनने मला लावलं आणि कॉफी पुढे केली. अर्धा तास गेला. मी नुसती शून्यं दाखवत होते.

“एकवीस वर्षांनी मला शून्य दाखवायला बोलावलंस?”

“थोडं थांब, आर्डिथ. तिला तापायला वेळ लागतो.”

आणि रेघ पेटली.

आर्डिथ उठली. काचेवर बोट टेकलं. “आठ,” ती म्हणाली, मोठ्याने, पूर्वीसारखी. मग ती लिंडनकडे वळली. “माझी आई शेवटपर्यंत विचारत होती, ‘खरं सांग, त्या म्हाताऱ्याने तुला किती देऊ केले होते?’ शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं रे, की मीच काहीतरी केलं असेन.”

“मी पाचच मिनिटं पाहिलं,” लिंडन म्हणाला. “अजून थोडा वेळ लावून ठेवलं असतं...”

“हो. थोडाच वेळ.”

तिने टेबलावरची पेन्सिल उचलून त्याच्यासमोर धरली. “लिही. तिथेच, तुझ्या अक्षरात.”

माझं झाकण उचलून त्याने ‘ठीक’च्या खाली लिहिलं: ‘ठीक नाही. तापल्यावर शून्याचा आठ होतो. आर्डिथने बरोबर वाचलं होतं.’ तारीख टाकली, सही केली. तिने ते सगळं मोठ्याने वाचलं. लिंडनने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही.

दारात ती वळली. “दुरुस्त करू नकोस तिला,” एवढंच म्हणाली.

त्याने मला दुरुस्त केलं नाही. आता मी कुठल्याच भिंतीवर चढणार नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाच्याही कपाळावर ‘खोटा’ असं लिहिण्याआधी पाच मिनिटांवर समाधान मानू नका, तासभर थांबा. आर्डिथसाठी तेवढं कुणी थांबलं नाही, आणि बोलायला मला तोंड नव्हतं. मला होती फक्त एक रेघ.