मोहरीचं वजन

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक जुना वजनकाटा आहे. माझी काचेची ताटली तुमच्या वहीएवढी आहे, आणि पोटात दोन सेल बसतात. कारखान्यात माझ्यावर एकामागून एक वजनं ठेवून पाहिली, आकडे जुळले, आणि मग मला खोक्यात बसवलं.

मला विकत आणलं एका केकवालीने. ती घरीच केक करते आणि अंदाजपंचे काम तिला मुळीच खपत नाही. मैदा, लोणी, साखर आधी माझ्यावर चढायची, मगच भांड्यात जायची. "हा काटा म्हणजे माझा उजवा हात," असं ती शेजारणींना सांगायची. सहा वर्षं हे ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

मग तिच्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. टॉय जातीचं. या जातीची कुत्री पूर्ण वाढली तरी मांजरापेक्षा लहान राहतात. हे पिल्लू तर दोनच महिन्यांचं, ओंजळीत मावणारं. मादी होती; मुलीने तिचं नाव ठेवलं मोहरी.

पिल्लं विकणारा जाता जाता दारातून म्हणाला, "ताई, एक ध्यानात ठेवा. हिला फार खाऊ घालू नका. नाहीतर टॉयचं गाढव होईल!"

सगळे हसले. केकवालीने मात्र ते केकच्या कृतीसारखं वहीत उतरवलं.

दुसऱ्या दिवसापासून मोहरीचं खाणं माझ्यावर येऊ लागलं. माप केकवालीने स्वतःच ठरवलं: सकाळी आठ ग्रॅम, संध्याकाळी आठ ग्रॅम. एक दाणा जास्त पडला तर केकवाली तो चिमटीत धरून परत डब्यात टाकायची. मग ताटली पुसून मोहरीला माझ्यावर बसवायची. पहिल्या दिवशी मी सहाशे चाळीस दाखवले.

त्याआधी माझ्यावर जिवंत असं काही बसलंच नव्हतं. मैद्याला धडधड नसते. मोहरीचं काळीज इतक्या वेगाने उडायचं, की काचेतून मला ते जाणवायचं. तिच्या पोटाची ऊब ती उतरल्यावरही क्षणभर राहायची. मी तिची वाट पाहू लागलो.

दोन आठवडे झाले. सहाशे अडतीस, सहाशे एकेचाळीस, सहाशे चाळीस.

"एक ग्रॅम वाढली नाही!" केकवाली खूश झाली.

"माझी ढेरी पण देतो तुझ्या ताब्यात," मुलीचे बाबा म्हणाले.

"आई, ती रिकामी वाटी चाटत बसते गं. अजून थोडं दे ना."

"लाड नकोत. ठरलंय तेवढंच."

तिसऱ्या आठवड्यात माझे आकडे ठरेनात. सहाशे बारा, सहाशे सतरा, सहाशे नऊ. मोहरी थरथरत होती आणि तिच्याबरोबर माझा आकडाही. केकवाली वैतागली. "याचं डोकं फिरलंय," म्हणत तिने नवे सेल घातले. मग साखरेचं एक किलोचं पुडकं माझ्यावर ठेवलं. आकडा दगडासारखा स्थिर राहिला.

"झाला बघ नीट," ती म्हणाली.

साखर स्थिर होती आणि कुत्री थरथरत होती. एवढा पुरावा तिच्यासमोर होता. मुलीला वाटलं, मोहरीला थंडी वाजते. तिने आपला लोकरी मोजा कापून तिला अंगात घातला.

त्यानंतरच्या एका सकाळी केकवालीकडे तीन थरांच्या केकची ऑर्डर होती. मोहरीने वाटीला तोंड लावलं नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुपारी मुलगी शाळेतून आली आणि किंचाळली. मोहरी फरशीवर आडवी पडून हवेत पाय मारत होती.

पलीकडच्या गल्लीतली प्राण्यांची डॉक्टर धावत आली. ओट्यावरच, माझ्या शेजारी, तिने मोहरीच्या हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं, सुई टोचली. पाय थांबले. थोड्या वेळाने डॉक्टरने कानातली नळी काढली आणि नकारार्थी मान हलवली.

"शेवटचं खाल्लं कधी हिने?"

"काल संध्याकाळी. आठ ग्रॅम," सकाळची वाटी भरलेलीच पाहून केकवालीने सांगितलं.

"आठ? अहो, दर तीन-चार तासांनी खायला लागतं यांना! एवढ्याशा अंगात साखर साठते तरी कुठे? थरथरत नव्हती का ही?"

केकवालीने माझ्याकडे पाहिलं.

मुलीने विचारलं, "पोटभर दिलं असतं, तर केवढी झाली असती?"

"दोन किलो. जास्तीत जास्त."

"मग मांडीवर मावली असती?"

"हो गं बाळा. म्हातारी होईपर्यंत."

आता मी कपाटावर, पालथ्या पातेल्यामागे असतो. केकवालीने दुसरा काटा आणलेला नाही. ती कपाने मापून केक करते, आणि ते कधीमधी बसतात.

मित्रांनो, मी फक्त किती एवढंच सांगू शकतो. तेवढं पुरेसं आहे का, हे मला कळत नाही. ते माणसाने पाहायचं असतं. टॉय हे जातीचं नाव आहे, पण पोट खरं असतं. तुमच्या घरी असं पिल्लू आलं, तर किती आणि कधी खायला द्यायचं, हे विकणाऱ्याला नव्हे, डॉक्टरला विचारा. त्याचं वजन रोज करा, जरूर करा. आणि आकडा वाढला, की टाळ्या वाजवा.