हव्वाबींचा तवा निघाला ला पाझला

या सौद्यात राजाभाऊंना मिळायचे होते बारा दिवस. मुलगा सिद्धांत सप्टेंबरात कॅनडाला शिकायला जाणार, आणि तिकडे गेलेली मुलं फोनवर ‘ऑल गुड’पलीकडे काही बोलत नाहीत, हे त्यांनी मित्रांच्या घरी पाहिलं होतं. त्याआधी सिद्धांत पाठीवर बॅग टाकून बोलिव्हियातल्या ला पाझला बारा दिवस फिरणार होता. साडेतीन हजार मीटरहून उंच शहर! राजाभाऊ म्हणाले, मीही येतो.

सिद्धांतने त्यांच्या पोटाकडे बघून अट घातली. अबुधाबीत चढ कुठला? म्हणून बिल्डिंगचा जिना.

“फोर्टीन फ्लोअर्स, बाबा. ट्वेल्व्ह केजी. बॅग जमिनीला टेकली की खलास. आय गो अलोन.” आणि स्वतः लिफ्टने वर जाऊन बसला.

चौथ्या मजल्यापर्यंत राजाभाऊ शीळ घालत गेले. पाचव्यावर शीळ संपली. तिथे शेजारचा लियाकत चोरून सिगारेट ओढत होता.

“काय राजाभाऊ, लिफ्ट बंद?”

“छे. बोलिव्हियाची तयारी. साऊथ अमेरिका!”

लियाकतने लगेच वर फोन लावला. “हव्वाभाभी, राजाभाऊ साऊथ अमेरिकेला निघालेत. हो, जिन्याने. आत्ता पाचव्यावर पोचलेत.”

आखातात जो कुठे निघाला, त्याच्या बॅगेवर पहिला हक्क शेजाऱ्यांचा. नवव्या मजल्यावर हव्वाबी पार्सल घेऊन उभ्याच होत्या: बिडाचा तवा, सुके बोंबील, सोलं.

“आमचा जावई तहा जहाजावर आहे ना, ते आता चिलीच्या बंदराला लागणार. सहा महिने पोराच्या पोटात घावन नाही.”

“भाभी, मी बोलिव्हियाला चाललोय.”

“शेजारीच ना?”

“शेजारी, पण बोलिव्हियाला समुद्रच नाही.”

“समुद्र नाही?” रत्नागिरीच्या हव्वाबींनी गालावर हात ठेवला. “कसला देश निवडलात हो!”

“आणि चिलीचा व्हिसा वेगळा लागतो.”

“मग काढा की. आमच्या अन्वरने तुमच्या आईची कमोडची खुर्ची डोंबिवलीपर्यंत नेली, तेव्हा तो काही बोलला?”

ती खुर्ची राजाभाऊंच्या नावे उधार पडलेली होती. त्यांनी पाठ पुढे केली. बॅग उतरवायची नव्हती, म्हणून हव्वाबींनी मागूनच सगळं कोंबलं आणि पाठीवर थाप मारून त्यांना वर ढकललं.

तेराव्यावर राजाभाऊ बसले नाहीत, मागे ओढले गेले. ठण्ण!

सिद्धांत धावत आला. “बाबा! बॅग टेकली!”

उताणे पडलेले राजाभाऊ म्हणाले, “बॅग नाही. तवा टेकला.”

“व्हॉट तवा?”

तेवढ्यात खालून धापा टाकत हव्वाबी आल्या. “या अल्ला, फुटला का?” मग त्यांनी सिद्धांतला पाहिलं. शाळेच्या बसमधून उतरला की आई ऑफिसातून येईपर्यंत हा पोरगा त्यांच्याच घरी जेवायचा. “तू पण चाललायस होय, बाळा? मग तूच दे तहाला. देशील ना?”

“शुअर, आंटी. नो प्रॉब्लेम.”

तोंडातून गेलं ते गेलं. तवा ठोकून बघून हव्वाबी समाधानाने उतरल्या.

“बाबा, आंटी तिकडे फोन करेल?”

“दिवसातून दोनदा. तवा पोचला का, घावन झालं का, जाळी पडली का.”

“तुम्ही बोलाल ना तिच्याशी?”

“मी कुठे येतोय? खलास म्हणालास ना?”

सिद्धांतने हात देऊन त्यांना उठवलं, बॅग स्वतःच्या पाठीवर घेतली आणि कळवळला. “यू आर कमिंग.”

बारा दिवस राजाभाऊंच्या खात्यात जमा झाले. तिकिटं त्यांनी काढली, ती तशीही त्यांनाच काढायची होती. राहिला चिलीचा व्हिसा, दोघांचा. “शब्द तू दिलास,” राजाभाऊ म्हणाले, आणि ते पैसे सिद्धांतच्या ईदी-दिवाळीच्या साठवलेल्या दिरहमांतून गेले.