पश्चिमेची भिंत

फुटक्या कपबश्या. गोणपाटात भरून इराण्याच्या हॉटेलातून आणलेल्या.

बोंबील वाळवताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टाकतात. एक सुटला की दुसराही खाली.

लग्नात कोळ्याच्या पोरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. डाव्या हातातल्या तिच्याकडे राहतात. दर्याने आपला वाटा घेतला, आता तिच्या नवऱ्याकडे बघू नये.

वीज गेली की पंखा केवढा आवाज करत होता ते कळतं.

"चंदरने फ्रीज बांधलाय. मावरं ठेवा आत, टिकेल."

हे सगळं एकाच घराबद्दल आहे.

घर वेसाव्याला. अंधेरीहून येणारी बस जिथे रिकामी होते तिथून आत, जाळी आणि होड्या ओलांडून. चंदर सांताक्रूझला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. दुसऱ्यांच्या बंगल्यांच्या रेघा मारता मारता तो बरंच शिकला होता: वारा कुठून घ्यायचा, ऊन कुठे अडवायचं, विजेवाचून खोली गार कशी ठेवायची. थोरला भाऊ धर्मा होडीवर जायचा. दोघांनी मिळून बापाचं कौलारू घर पाडलं आणि चंदरने आपल्या डोक्यातलं बांधलं.

गच्चीवर फुटक्या कपबश्यांचे पांढरे तुकडे, ऊन परत फेकायला. जिन्यावर उंच झडपा, गरम हवा बाहेर जायला. काचेखाली काळे रंगवलेले नळ, आंघोळीचं पाणी तापायला. पंखा नाही. लोक बघायला यायचे आणि आत पाऊल टाकताच गप्प व्हायचे, इतकं गार. मग बाहेर जाऊन फ्रीजचा विनोद करायचे.

पश्चिमेची भिंत, बाहेरून आत:
गिलावा.
वीट.
वीतभर मोकळी जागा.
वीट.
गिलावा.
आय.

आय म्हणजे मथुराबाई. तिची खाट त्या भिंतीला लागून होती. जन्मभर ती दुपारी मासे विकत होती किंवा उन्हात बोंबील टांगत होती. आता गुडघे गेले होते. नव्या घरात ती दुपारची झोपायला लागली. उठल्यावर जरा लाजायची.

पश्चिमेला दर्या होता. जुन्या घराला त्या बाजूला एक खिडकी होती, पाट उभा केला तर बंद होईल एवढी. घरचा माणूस होडीवर असला की तिच्यात रॉकेलचा कंदील ठेवायचा. आधी मथुराबाई ठेवायची, मग धर्माची बायको शेवंती. नव्या भिंतीला खिडकी नव्हती. ऊन सगळ्यात जास्त पश्चिमेकडूनच येतं, हे चंदरने आलेल्या प्रत्येकाला समजावून सांगितलं होतं. कंदील जिन्याखाली गेला. किनाऱ्यावर आता विजेचे दिवे होतेच.

कार्तिकात वादळ झालं. वीज गेली. सगळा कोळीवाडा काळा.

धर्माची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. तिच्यावरचा खलाशी बाळा, मालवणकडचा, जाळ्याचे बोये धरून सकाळी किनाऱ्याला लागला. पोलिसांना त्याने बरंच सांगितलं. शेवंतीच्या लक्षात त्यातलं एकच राहिलं.

"काळोख होतो. किनारो खंयसर, ताच समजाक नाय."

धर्मा सापडला नाही.

(इथे महिने जातात. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. घर गार होतं.)

माघात भावकीतली माणसं येऊन बसली. कणकेचा पुतळा करून अग्नी द्यावा, म्हणाली. किती दिवस असं ठेवायचं. मथुराबाईने मान हलवली. शेवंतीने डावा हात पदराखाली घेतला. माणसं गेल्यावर ती चंदरला म्हणाली,

"भावजी, मना खिडकी काढून दे."

"कुठे?"

"कुठे म्हंजे? पश्चिमेला."

"वयनी, सगळं ऊन आत येईल. ती एक भिंत फोडली की बाकीच्या केल्याचा काय उपयोग? घर तापेल. आयला झोप लागणार नाय."

"आयला आता तरी कुठे लागते."

मथुराबाई खाटेवर होती.

"कंदील लावून आता काय होणार, वयनी?"

"काय होणार ते मना पण ठावं हाय. मी काय खुळी नाय." शेवंती बोंबलाचं डोकं मोडावं तसं तुकडे करत बोलत होती. "पण पुतळा जाळायचा म्हंजे तो आला नाय असं म्हणायचं ना? त्याला घर दिसलं कुठे? दिसू दे. शिमग्यापर्यंत कंदील ठेवते. तरी नाय आला, तर मग नाय आला. मग मी स्वतः बांगड्या काढीन. कोणी हात लावायचा नाय."

"आणि खिडकी नाय काढली तर?"

"तर तो वाट शोधतोय असंच मी धरणार. मरेपर्यंत."

चंदर भिंतीकडे बघत राहिला.

"तू वायट केलंस असं नाय म्हणत मी," शेवंती म्हणाली. "घर झकास बांधलंस. फक्त त्याला दिसलं नाय."

चंदरने बोलायला तोंड उघडलं. मथुराबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने हातोडा कुठे ठेवलाय ते विचारलं.

रविवारी त्याने भिंत फोडली. गवंडी बोलावला नाही. आतली वीट निघाली तेव्हा पोकळीतली हवा त्याच्या तोंडावर आली, विहिरीतून येते तशी. तिथे काहीच नव्हतं. काहीच नसणं हेच त्या जागेचं काम होतं, आणि तिने ते चोख केलं होतं. त्याने हात आत घालून दोन्ही बाजू चाचपल्या. मग बाहेरची वीट फोडली आणि दर्या खोलीत आला. आधी आवाज, मग वास, मग ऊन. ऊन मथुराबाईच्या पायांवर पडलं. तिने पाय ओढून घेतले. थोड्या वेळाने पुन्हा उन्हात ठेवले.

शेजारच्या माणसाने बाहेरून विचारलं, "काय रे चंदर, फ्रीजचा दरवाजा राहिला होता वाटतं?"

कोणी हसलं नाही. तो माणूसही नाही.

शेवंतीने कंदिलाची काच राखेने घासली. रोज तिन्हीसांजेला ती कंदील खिडकीत ठेवायची आणि सकाळी विझवायची. चंदर कामावरून किनाऱ्याने यायला लागला. लांबून त्याला आपलं घर पहिल्यांदाच ओळखू यायचं. बाकीच्या दिव्यांत तो एक पिवळा, जरा खाली, जरा हलणारा.

सोपं लिहायचं तर इथे धर्मा परत येतो.

शिमगा आला. बंदरावर होळी उभी राहिली, होड्यांना पताका लागल्या. धुळवडीच्या सकाळी, लोक रंगात असताना, शेवंती एकटी पाण्यात गुडघाभर गेली. डाव्या हातातल्या बांगड्या तिने फोडल्या नाहीत. साबण लावून एकेक उतरवल्या आणि सोडून दिल्या. उजव्या हाताच्या जशा दिल्या होत्या तशाच. करार असा नव्हता, पण दर्याशी वाद कोण घालणार.

घरी येऊन तिने कंदील जिन्याखाली ठेवला.

"आता बुजवायची तर बुजव," ती चंदरला म्हणाली. दोन्ही मनगटं सारखी दिसत होती.

"राहू दे."

"तापेल ना घर."

"तापू दे."

पुतळ्याला अग्नी दिला. चैत्र लागला. दुपारी उन्हाचा चौकोन खिडकीतून उतरायचा, खाटेवर चढायचा आणि मथुराबाईच्या तोंडावर थांबायचा. चंदरने खाट हलवायला घेतली तर तिने दांडा धरून ठेवला. ती डोळ्यांवर पदर घेऊन पडून राहायची. झोपलीय की नाही, कळायचं नाही. भिंती गरम लागायला लागल्या. गच्चीवरच्या कपबश्या आपलं ऊन परत फेकतच होत्या. वैशाखात टेबलफॅन आला. लोकांचं बघायला येणं बंद झालं. आता ते कोळीवाड्यातलं एक घर होतं.

एकदा पंख्याची जागा बदलताना शेवंती म्हणाली, "भावजी, तुझ्यावर राग नाय हं माझा. आधी होता."

"ठावं हाय," चंदर म्हणाला आणि वायर खाटेखालून घेतली. मथुराबाईने भिंतीकडे तोंड केलं.

भिंती चढत होत्या तेव्हा चंदरने पश्चिमेला खिडकीची जागा सोडली होती. आयला दुपारचं ऊन लागेल, ती बुजव, असं धर्मा आयसमोर म्हणाला होता.