पिवळी रेघ

पहिल्यांदा नव्या कॉम्प्युटरचा सेटअप त्रेसष्ट टक्क्यांवर अडकला. दुसऱ्यांदा बारावर. तिसऱ्यांदा एक्केचाळीसवर, आणि तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं मी चाकणला असेंब्ली लाईनवर काढली. मशीन बिघडलं की रोज एकाच जागी अडतं, म्हणून तर ते सापडतं. हे काय, मनाला येईल तिथे थांबायचं? बाण गोठलेला, पंखा गरगर फिरतोय आणि स्क्रीनवर ‘कृपया थांबा’. अरे, किती थांबू?

माझी मुलगी दीक्षा शेजारी स्टुलावर बसून नखं खात होती. तिचा डिप्लोमा झालाय. भोसरीच्या साचे बनवणाऱ्या एका टूलरूमने तिची डिझाइनची परीक्षा ठेवली होती, आज रविवारी दुपारी तीनला, घरूनच. पास झाली की नोकरी. त्यांचं सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर उघडत नव्हतं, म्हणून पिंपरीत नुमानच्या दुकानातून नव्या कॉम्प्युटरचे सुटे भाग आणले. जोडूनच देतो, असं नुमान म्हणाला होता. मीच नको म्हटलं. इंजिनं जोडणाऱ्या माणसाला एक डबा जोडता येणार नाही?

काल दुपारी जोडला. प्रोसेसर थंड ठेवणारा जो कूलर असतो, त्याचे चारही स्क्रू दाबून आवळले आणि प्रत्येकावर पिवळ्या मार्करने रेघ ओढली. लाईनवर तीच पद्धत आहे. रेघ ओढली म्हणजे बोल्ट बरोबर बसला, पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही. माझ्या रेघेला क्वालिटीवालेसुद्धा हात लावायचे नाहीत.

त्यामुळे सकाळपासून आम्ही कूलर सोडून सगळं तपासलं. रॅम काढून परत बसवली. पेन ड्राइव्ह बदलला. वीज कमी पडत असेल म्हणून फ्रिजचा प्लग काढून तिथे वायर लावली, तर बायकोने दूध नासेल म्हणून आरडाओरडा केला. कॉम्प्युटर यावेळी अठ्ठ्याऐंशी टक्क्यांपर्यंत गेला आणि मेला. मला काही म्हणता काही कळेना.

“पप्पा, तो कूलर...” दीक्षा म्हणाली.

“कूलरला काय झालंय? रेघ दिसत नाही का?”

दीड वाजला तसा मी नुमानला फोन लावला.

“काय भंगार दिलंस रे?”

“जय भीम काका. माल नवा आहे, माझ्यासमोर सील फोडलंय. कूलर किती आवळलाय?”

“पक्का.”

“थोडा ढिला करून बघता का?”

मी फोन कापला. ढिला करा म्हणे! मला सांगतो! पण दोन वाजले, आणि पोरीचा चेहरा बघवेना. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला, पहिल्या स्क्रूवर टेकवला, आणि तिथेच थांबलो.

कंपनीच्या टॉर्क रेंचमधून, बोल्ट पुरेसा आवळला गेला की, टक आवाज येतो. आवाज आला की हात थांबतो, डोकं चालवावं लागत नाही. घरातल्या स्क्रू ड्रायव्हरमधून टक कुठून येणार? आणि मी काल तो आवाज येईल म्हणून आवळत बसलो होतो. बाजूने वाकून पाहिलं. मदरबोर्डच वाकला होता. प्रोसेसर खाली नीट टेकतच नसणार.

चारही स्क्रू अर्धा अर्धा फेरा सोडले. सेटअप न थांबता शंभरावर गेला. तेव्हा पावणेतीन झाले होते. मग परीक्षेचं सॉफ्टवेअर उतरवायला घेतलं, ते उतरता उतरता साडेतीन वाजले. तीन वाजून दहा मिनिटांनी परीक्षेची लिंक बंद झाली होती. दीक्षाने त्यांना मेल केला. उत्तर आलं नाही.

“तुला कळलं होतं?” मी विचारलं.

“सकाळीच. बोर्ड वाकलेला दिसत होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की. तुम्ही म्हणालात, रेघ दिसत नाही का.”

मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघता येईना. लाईनवर माझं काम कधी परत आलं नाही, हे मी या घरात हजारदा सांगितलंय. घरी ते परत करायची कोणाची छाती होती?

मी नुमानला फोन लावला, तिच्यासमोर, स्पीकरवर. “चूक माझी होती,” म्हटलं. “उगाच बोललो तुला.”

“होतं काका,” तो म्हणाला.

फोन ठेवला तर दीक्षा माझ्याकडे टक लावून बघत होती. हे वाक्य तिने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असणार.

“पप्पा, मग अजून एक सांगू?” ती हळूच म्हणाली. “रागावणार नसाल तर.”

“सांग.”

“चित्र दिसतंय, पण मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी चुकीच्या जागी लावलीय.”