कानावर पडेपर्यंत

जनीवैनी गेली तेव्हा आमच्या घरात गणपती बसलेला होता. पोरगी झाली आणि उजाडायच्या आत वैनीनं डोळे मिटले. अनंत चतुर्दशीला तीन दिवस उरले होते. सुतक लागलं म्हटल्यावर घरातल्या कोणालाच मूर्तीला हात लावता येईना. शेवटी शेजारचा परक्या कुळातला कान्हा आला आणि त्यानं आरती नाही, नैवेद्य नाही, मूर्ती तशीच उचलून खाडीत सोडली. माझा बा ओटीवर उभा राहून ते बघत होता. आत सून निजवलेली होती आणि बाहेर देव चालला होता.

"असा कदी ग्येला न्हवता," एवढंच म्हातारा म्हणाला.

वैनीला अग्नी त्यानंच दिला, कारण तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ कोंडाजी, मुंबईला गिरणीत होता. एकोणीसशे एकतीस सालची ही गोष्ट. बोर्ली पंचतनच्या आसपासच्या वाड्यांतली आमच्या भावकीची वीस-बावीस माणसं लालबागला एका खोलीत राहायची. खोलीत दरवर्षी गणपती बसायचा आणि त्या वर्षी पाळी दादाची होती. शिवाय त्याचा नवस होता. वैनीची आधीची दोन बाळं गेली होती. या वेळी तिची सुटका सुखरूप व्हावी म्हणून लालबागपासून चौपाटीपर्यंत अनवाणी, मूर्ती डोक्यावरून कुठंही खाली न टेकता चालत जायचं त्यानं देवाला कबूल केलं होतं.

खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता. बायको इथं तडफडत होती तेव्हा मी आणि म्हातारा दारात बसलो होतो, आणि हा तिकडे नवस फेडणार होता.

बानं मला समोर बसवलं. "दहाव्याला नवरा पायजे. जा, त्याला घेऊन ये. पन गनपती पान्यात जाईस्तवर त्याच्या कानावर घालू नको. कानावर पडलं की त्याला लागलं. खोलीतली समदी भावकीचीच हायत, त्यांनापन लागंल. मंग त्यो देव तितंच पडून ऱ्हाईल."

"आन् नवस?"

"नवस फिटू दे त्याचा," बा म्हणाला. "आता दुसरं काय हाय त्याच्याजवळ?"

पोरीला दिघीच्या नीराबाईकडे अंगावर पाजायला ठेवलं आणि मी तिथूनच बोटीवर चढलो. बोटीवर आगरदांड्याचा अब्दुस्समद खलाशी होता. आमच्या गावात त्याची नेहमीची ये-जा. मला बघितलं आणि तो समजला की काहीतरी झालंय. मी गप्प राहिलो.

"मना सांग," तो म्हणाला. "मना कसला सुतक?"

हे बरोबर होतं. मी त्याला सगळं सांगितलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडलो. त्यानं मला रडू दिलं. मग म्हणाला, "ही बोट उद्या सकालीच परत सुटेल. ती चुकली तर फुडची आठ दिवसांनी. भावाला कवा गाठशील?"

"पान्यातनं भाईर आला की. मंडळी तितनं पांगतात. त्यो परस्पर रातपाळीवर जातो, आसं त्याच्या पत्रात हुतं. गिरनी कुटली ते मला ठाव न्हाय."

"म्हंजे डोल्याआड करून चालनार नाय. आनि भागोजी, तू त्याला दिसायचा पन नाय."

"का?"

"अरे, तू जनमात मुंबई बघलीस? शेतात भात उभा, घरात बाई दिवस भरलेली, आनि तू मुंबईत! तुझा थोबाड बघलान की त्याला समजलाच."

बानं इतका विचार केला होता, पण हे त्यालाही सुचलं नव्हतं. म्हणजे मी तोंड उघडायची गरजच नव्हती. मी नुसता दिसलो तरी पुरे होतं.

मुंबई मला पहिल्या पावलालाच आवडली नाही. भाऊच्या धक्क्यावरून अब्दुस्समदनं ट्रामचा रस्ता दाखवला आणि दुपारी मी लालबागला पोचलो. चाळीपुढं ढोल-झांजा वाजत होत्या. मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या फळकुटामागं उभा राहिलो. डोक्याला पंचा होता तो कपाळापर्यंत ओढला, टोक तोंडावरून घेतलं. तेवढ्यात जिन्यावरून दादा उतरला. डोक्यावर पाट, पाटावर मूर्ती, दोन्ही हात वर धरलेले. किती वाळला होता! गालाची हाडं वर आली होती. आणि तरी तो हसत होता. मला हाक मारावीशी वाटली आणि मी पंच्याचं टोक दातांत धरलं.

मिरवणूक निघाली. मी पंचवीस-तीस माणसं मधे ठेवून मागनं चाललो.

आता सुतकी माणसानं मुंबईच्या गर्दीत कसं चालायचं, ते मला कोणीतरी सांगावं. गावात सुतक असलं की आम्ही दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवत नाही, विहिरीवर जात नाही. इथं पहिल्या चौकातच डावीकडून लेझीमवाले आले, उजवीकडून दुसऱ्या चाळीचा गणपती आला, आणि मी मधे चेंगरलो. कोणाचा खांदा, कोणाची कोपरं, कोणाच्या कडेवरचं पोर माझ्या मानेवर. मी अंग चोरत होतो, "सरा, सरा" म्हणत होतो, तर लोकांना वाटलं गावंढळ माणूस बुजलाय. एका बाईनं ओंजळभर गुलाल माझ्या छातीवर मारला आणि ओरडली, "म्हना की मामा, मोरया!" वैनीच्या चितेचा विस्तव अजून विझला नव्हता, आणि मी गुलालानं लालभडक होऊन रस्त्यात उभा. मला त्या बाईचा इतका संताप आला की हात उचलला होता. मग तिचं तोंड बघितलं. बिचारी नुसती आनंदात होती. मी हात खाली घेतला.

भायखळ्याच्या पुलापाशी गर्दीला गर्दी भिडली. निळ्या डगल्याचे, पिवळ्या पगडीचे पोलीस लाठ्या आडव्या धरून लोकांना मागं ढकलत होते. मागचे पुढं रेटत होते. त्या रेट्यात मी कसा वाहवत गेलो ते कळलं नाही, पण बघतो तर दादाची पाठ माझ्यापासून दोन हातांवर. त्याच्या सदऱ्याची घामानं ओली झालेली शिवण मला दिसत होती. मागं सरायला जागा नव्हती.

आणि तेवढ्यात त्याचा पाय घसरला.

पाट कलला. मूर्ती एका अंगाला झुकली, माझ्याच बाजूला. हात पुढं केला असता तर पाटाची कड माझ्या तळहातावर आली असती. मी ते दोन्ही हात स्वतःच्या काखेत घालून दाबून धरले. देव पडतोय आणि मी हात बांधून बघतोय, असं मरण वैऱ्यावरही येऊ नये! "हरेश्वर! आरं धर!" मी ओरडलो. ओरडल्यावर लक्षात आलं की मी ओरडलो.

पलीकडून भावकीतल्या हरेश्वरनं झेप घेऊन पाट सावरला. तो इकडेतिकडे बघू लागला, तोवर मी मान खाली घालून एका ढोलामागं दडलो होतो. वर बघितलं तर दादाची मान माझ्याकडे वळलेली. त्याची नजर माझ्यावरून गेली आणि तशीच पुढं गेली. डोळ्यांत घाम उतरला होता, गुलालानं माझं तोंड माखलं होतं. पाहिलं नसावं त्यानं. ढोलांच्या दणदणाटात एकट्याचा आवाज काय ऐकू जाणार? अशी मी स्वतःची समजूत घातली.

तिथून पुढं दादाचं काहीतरी बिनसलं. तो हसेना. मंडळी नाचायला थांबली की हा थांबेना. "कोंडाजी, आरं दमानं," हरेश्वर ओरडायचा, आणि दादा ओठ हलवत, समोर नजर लावून चालतच राहायचा. खडीनं पाय फुटले होते, रस्त्यावर डाग पडत होते. मला वाटलं, काय घाई आहे याला, एवढ्या हौसेनं मिरवणूक काढलीय तर घटकाभर टेक की. मग मला स्वतःचीच लाज वाटली. त्याला कुठं ठाऊक होतं की आता घाई करण्यासारखं काही उरलंच नव्हतं?

गिरगावात दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या माणसांनी वाकल्या होत्या. वरून फुलं, लाह्या, पाणी पडत होतं. चौपाटी आली आणि माझा धीर सुटला. आमच्याकडे समुद्र म्हणजे सुरू आणि वाळू आणि चार होड्या. इथं पाण्यापर्यंत वाळू दिसत नव्हती. शेकडो गणपती, शेकडो पाट, सगळ्यांची तोंडं गुलालानं सारखीच. आणि दादा दिसेना.

मी धावत सुटलो. आता कोणाला शिवतोय, कोणाच्या पायावर पाय देतोय, काही बघितलं नाही. प्रत्येक पाटाखालचं तोंड बघत गेलो. हा नव्हे, हा नव्हे. दादा पाण्यातून निघून गेला असेल तर? उद्याची बोट गेली, दहावा गेला, बाला काय सांगू? मुंबईत जाऊन भाऊ हरवला म्हणून सांगू?

मग हरेश्वरचा आवाज ऐकू आला, आरतीचा. पाण्याच्या कडेला आमची भावकी गोल करून उभी होती. आरती झाली. दादानं मूर्ती कवेत घेतली आणि आत गेला. कमरेएवढ्या पाण्यात, मग छातीएवढ्या. एकदा बुडी मारली, दोनदा मारली. तिसऱ्या वेळी तो इतका वेळ खाली राहिला की मीही पाण्यात पाय घातला होता. मग तो वर आला. हात रिकामे होते.

फिटला, मी म्हटलं. आता सांगायचं. इतका वेळ ज्याची वाट बघितली ते आलं होतं, आणि आता मला पळून जावंसं वाटत होतं.

दादा काठावर आला. रिवाजाप्रमाणं त्यानं ओंजळभर वाळू पाटावर ठेवली. ती खोलीवर नेऊन तिची आरती करायची असते. पण पाट त्यानं स्वतः उचलला नाही. हरेश्वरच्या हातात दिला.

"तुमी व्हा फुडं," तो म्हणाला. "समदी जावा. मी येतो मागनं."

मंडळी वाळूवरून दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. मग वळला आणि चाळीस पावलं सरळ माझ्याकडे चालत आला. मी काठावरच्या एका होडीच्या आडोशाला होतो. कुठं उभा आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

"दादा," मी म्हटलं.

"बोलू नको. पंचा काढ."

मला कळेना.

"डोक्याचा पंचा काढ, भागोजी."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाप मेला असता तर मी धाकट्यानं डोकं भादरलं असतं. वैनीसाठी मी भादरलं नव्हतं. दादानंच पंच्याचं टोक धरून ओढलं. माझे केस तसेच होते, दाट, गुलालानं चिकटलेले. त्यानं त्यांत बोटं घालून मुठीत धरले, जणू डोळ्यांवर विश्वास नव्हता. मग तो वाळूत बसला.

"जनी," तो म्हणाला.

"व्हय. पोरगी झाली. पोरगी हाय, दादा. दूध पिते."

त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. लाटांकडे बघतच तो बोलू लागला.

"भायखळ्याला तुजा आवाज ऐकला. तुजा आवाज मला कळनार न्हाय व्हय? वळून बघितलं तर तू. समजलं, घरातलं मानूस ग्येलं. कोन ते समजंना, बा का जनी. तुला इचारावं तर सुतक लागंल, देव तितंच ऱ्हाईल. म्हनून चालत ऱ्हायलो." त्यानं ओल्या हातानं तोंड पुसलं. "तुज्या डोक्याला पंचा हुता. म्हटलं, खाली गुळगुळीत आसंल. आसू दे रं देवा. म्हातारा आसू दे. बा आसू दे, जनी नको. भायखळ्यापास्नं हितवर, भागोजी, दर पावलाला मी बाला दिला. देव डोक्यावर घेऊन बापाचं मरान मागत आलो."

माझ्या मनातला त्याच्यावरचा सगळा राग त्या वाळूत संपला. मी त्याच्याजवळ बसलो आणि त्याचा हात धरला. आता आम्हा दोघांनाही सुतक होतं, शिवायला हरकत नव्हती.

"बा हाय," शेवटी मी म्हटलं. "त्यानंच अग्नी दिला वैनीला."

दादानं मान गुडघ्यांत घातली.

सकाळी अब्दुस्समदनं आम्हाला बोटीच्या मागच्या बाजूला जागा धरून दिली होती. दिघीचा धक्का दिसू लागला तेव्हा दादा उठून उभा राहिला आणि परत खाली बसला.

बा धक्क्यावर आला होता. नीराबाईकडून पोरीला घेऊन, आपल्या धोतराच्या सोग्यात गुंडाळून, उन्हाला पाठ करून उभा होता. चार दिवसांत म्हातारा पार वाकला होता. दादा उतरला आणि पोरीकडे न बघता त्याच्या पायांवर पडला. पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले, कपाळ धक्क्याच्या दगडावर टेकलं, आणि हुंदके देऊ लागला.

बाला वाटलं, बायकोसाठी रडतोय. त्यानं एका हातानं पोर सांभाळत दुसरा हात दादाच्या पाठीवर ठेवला.

"ऊठ, कोंडाजी," तो म्हणाला. "असा धीर सोडू नको. मी हाय न्हवं अजून."

दादा उठेना. मी बाच्या हातातून पोरगी घेतली.