अक्षतांनी अडकलेली सीडी

आमच्या गाडीतली सीडी अक्षतांनी अडकली. सेकंडहँड गाडी ब्रिस्टलला आमच्या दारात आली तेव्हा माझ्या नवऱ्याने, अनुपने, तिची साग्रसंगीत पूजा केली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि डॅशबोर्डवर मूठभर अक्षता. बँकेचे सर्व्हर सांभाळणारा माणूस हा, पण भक्तीत हात आखडता घेणं त्याला ठाऊक नाही. निम्म्या अक्षता सीडीच्या फटीत गेल्या. आधीच्या मालकाची सीडी आत होती, ती आतच राहिली, वाजायची मात्र थांबली नाही. रेडिओही त्याच डब्यात, तोही गेला.

“ह्याला गाडीत देव बसवायचा होता,” मी येईल त्याला सांगत असे, “आणि बसला कोण, तर हा बोंबल्या!”

बोंबल्याचं रिकामं कव्हर ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडलं. बँडचं नाव टिन चॅपल, साल १९९४, कोपऱ्यात ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ असा दुकानाचा स्टिकर. त्या साली मी पुण्यात भावगीतांच्या कॅसेट झिजवत होते. असलं काही जगात चालू आहे याचा मला पत्ता नव्हता, आणि नव्हता तेच बरं होतं. किल्ली फिरवली की गिटारी किंचाळायच्या आणि माझा हात आपोआप बटणावर जायचा. वर्षभर हेच. मी गाडी चालवायचे तीसुद्धा फक्त सुपरमार्केटपर्यंत. मोटरवेच्या मी वाटेला जात नसे. घाबरतेस, असं अनुप म्हणाला की मी चिडायचे.

एप्रिल २००५ मधल्या एका शनिवारी दुपारी सेव्हर्न नदीपलीकडच्या न्यूपोर्टच्या हॉस्पिटलमधून फोन आला. ऑफिसच्या कामासाठी अनुप एका सहकाऱ्याच्या गाडीतून तिकडे गेला होता. नर्स फार हळू बोलत होती. हार्ट अटॅक. त्याला आत घेतायत. तुम्ही येऊ शकाल का?

रुळांच्या कामासाठी ट्रेन बंद होत्या. अडल्यानडल्याला जिला हाक मारावी ती आमची मैत्रीण धम्मशीला आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमाला लंडनला गेलेली. टॅक्सीवाला म्हणाला, थांबावं लागेल. थांबण्याइतका धीर माझ्यात नव्हता. मी किल्ली घेतली.

बोंबल्या मागे बंद केला होता तिथून सुरू झाला. तो बंद करायचं मला सुचलंच नाही. सुचलं तेव्हा मी मोटरवेवर होते आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर असे आवळले होते की एकही सुटेना. शेजारून लॉरी गेली की गाडी थरथरायची. अनुप मेला तर? हा विचार येत होता आणि ड्रम वाजत होते. बाकी काही धरायला नव्हतं म्हणून मी ते ड्रम धरले. ते एका चालीत पुढे जात होते, मीही गेले.

मग गायक ऐकू आला. म्हणजे वर्षभर होताच, पण मी त्याचं एक अख्खं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. वरच्या पट्टीत त्याचा आवाज फाटत होता आणि तो तसाच फाटू देत होता. मला वाटायचं, हा कसला एवढा रागावलाय! तो रागावलेला नव्हताच. घाबरला होता. घाबरली की मीही अशीच ओरडते.

सेव्हर्नच्या पुलावर वारं आडवं लागलं. खाली पाणी, पुढे वाऱ्याचा इशारा देणारे दिवे. मी गाणाऱ्याबरोबर मोठ्यांदा ओरडू लागले, शब्द येत नव्हते तरी. पुलाच्या मध्यावर गाणं संपलं. पुढचं येईना. आवाज नाही, खरखर नाही, काही नाही.

आणि त्या शांततेत शेजारच्या सीटवर, पर्समध्ये, माझा फोन वाजू लागला.

मी तो घेऊ शकत नव्हते. वाजून वाजून तो थांबला. अनुप गेला, हे मला तिथेच कळलं. त्याच्याच अक्षतांनी अडकलेलं यंत्र, तेही बंद पडलं होतं. आणखी काय सांगायला हवं? शकुन-अपशकुनावरून मी आयुष्यभर त्याची टिंगल केली, आणि त्या पुलावर माझ्याइतकं देवभोळं कोणी नव्हतं. टोलवर पैसे कसे दिले, हॉस्पिटल कसं सापडलं, आठवत नाही. सीडी गप्पच होती.

कार पार्कमध्ये गाडी उभी केली. फोन बघायची हिंमत नव्हती, उतरायचीही नव्हती. इंजिन बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात कोणीतरी खोकलं. स्पीकरमधून. खुर्ची करकरली. एकच गिटार, आणि तोच माणूस, पण आता अगदी हळू, शेजारी बसून गुणगुणल्यासारखा. शेवटच्या गाण्यानंतर एवढी थोरली शांतता ठेवून, मग त्याने आणखी एक गाणं ठेवलं होतं. कव्हरवर त्याचं नावही नव्हतं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. गाणं पुरं ऐकलं आणि मगच आत गेले.

अनुप नळ्यांमध्ये पडला होता, राखेच्या रंगाचा, पण डोळे उघडे.

“फोन का नाही घेतलास?” तो पुटपुटला. “नर्सला लावायला सांगितला. म्हटलं, सांगावं, ड्राइव्ह करून येऊ नकोस. तू आणि मोटरवे!”

“गप्प पड,” मी खेकसले.

आठवड्याने त्याला घरी न्यायला मीच गेले. परतताना पुलावर पुन्हा वारं होतं. अनुप एक हात छातीवर ठेवून बसला होता, जरा हिसका बसला की दचकत होता. शेवटचं गाणं संपलं तसा त्याने बटणाकडे हात नेला.

“संपली,” तो म्हणाला.

“हात काढ. अजून आहे.”

आम्ही वाट पाहू लागलो. गाडीत फक्त वाऱ्याचा आवाज.

“किती वेळ?” त्याने विचारलं. त्याचा दुसरा हात अजून छातीवरच होता.

“ते माहीत नाही,” मी म्हटलं. “पण आहे.”